वेशीपलीकडची वही

नर्मदा घाडी या बाईंना मी एकवीस वर्षं ओळखतो आणि त्यातली वीस वर्षं मी त्यांना वचकून आहे. आम्ही एकाच शाळेत. मी चित्रकला शिकवतो. माझ्या विषयाचा गृहपाठ कुणी केला नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. पालकसभेला माझ्यासमोर कुणी आलंच, तर पिण्याचं पाणी कुठे आहे हे विचारायला येतं. बाईंसमोर मात्र रांग लागते. सहावी ते आठवीचं गणित त्यांच्याकडे आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तुकडीही त्यांच्याचकडे. कट्टा गावाहून एसटीने येणारी मुलं जवळची शाळा सोडून आमच्याकडे येतात ती बाईंसाठी. माझ्यासाठी आजवर कुणी एसटी पकडलेली नाही.

बाईंची ओळख म्हणजे लाल वही. लाल कव्हर घातलेली दोनशे पानी वही, रोजची वीस गणितं, वर तारीख, खाली पालकाची सही. सुटी पानं चालत नाहीत, कारण सुट्या पानावर कुणाचंही अक्षर येतं असं बाईंचं म्हणणं. गणपतीचे दिवस, घरातलं लग्न, ताप, सुतक, यातलं काहीच सबब म्हणून खपत नाही. सर्वेश नावाचा एक मुलगा आजोबांना पोचवून आला आणि दुसऱ्या दिवशी डोक्याचा गोटा घेऊन, वहीसकट वर्गात हजर झाला. बाईंनी त्याची वीसही गणितं तपासली, सतराव्यात हातचा चुकला होता तो दाखवला आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगतात. मीसुद्धा सांगायचो. त्या मुलाने रात्री काय करून ती गणितं सोडवली असतील हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आणि बाई वाईट नव्हत्या हो. तेच तर अवघड आहे. वाईट असत्या तर मी हे सगळं एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. त्या मारत नसत, ओरडत नसत, कुणाला टोचून बोलत नसत. स्वतः सातवीत असताना घरात लग्न निघालं, आठवडाभर अभ्यास राहिला आणि त्यांची शिष्यवृत्ती दोन मार्कांनी हुकली होती. मुलांना त्या एवढंच सांगत, "दोन मार्क." ते सांगताना त्यांचा आवाज इतका हळू होई की वर्गातला पंखा ऐकू येई. वीस वर्षांत त्यांची चाळीसेक मुलं यादीत आली. त्यांची नावं शाळेच्या पडवीत फळ्यावर रंगवलेली आहेत. रंगवली अर्थात मीच.

आता त्या वर्षाचं सांगतो.

आमच्या पंचक्रोशीतले काही गाव दर तीन-चार वर्षांनी गावपळण पाळतात. देवाचा कौल झाला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव वेशीबाहेर निघतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, मागे कुणी राहायचं नाही. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. ते दिवस गाव देवाचा आणि वेशीच्या राखणदाराचा, म्हणजे देवचाराचा. लोक बाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, झावळांच्या झोपड्या घालतात, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, फुगड्या, भजनं, जेवणावळी चालतात. मुलांना तर त्या दिवसांसारखं सुख नाही. चौथ्या दिवशी वेशीवर पुन्हा कौल लावतात आणि देवाने होकार दिला की गाव परत आत जातो. मधल्या काळात कुणी वेस ओलांडत नाही. तसा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. लिहिण्याची गरजच कधी पडलेली नाही.

त्या वर्षी गावपळण डिसेंबरात आली आणि परीक्षा होती फेब्रुवारीत. तारीख कळली त्याच संध्याकाळी बाईंचा पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. गावपळण असली तरी गृहपाठ नियमित राहील. शाळा सड्यावर काजूखाली भरेल, बाहेरगावच्या मुलांनीही तिथेच यावं. तिसऱ्या दिवशी सकाळी सराव परीक्षा होईल. ज्याची लाल वही त्या दिवसापर्यंत पूर्ण नसेल त्याला बसता येणार नाही, आणि त्याच दिवशी तुकडीची शेवटची यादी हेडमास्तरांकडे जाईल. खाली तेहतीस पालकांनी अंगठे दाखवले. चौतिसावा अंगठा माझा होता. मला त्या ग्रुपवर कशाला घेतलंय हे मला अजून माहीत नाही, पण अंगठा मी दाखवला.

तुकडीत गौरजा नावाची मुलगी होती. आठवीत, बारीक अंगाची, दोन वेण्या, बोलणं जेमतेम. फार हुशार नव्हती, पण खाली मान घालून करत राहणारी. गेल्या चाचणीत ती तेराव्या नंबरवरून सहाव्यावर आली होती. तिचा बाप अजय मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला. गावपळणीला तो चार मित्रांना घेऊन आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, आमचा चेडू स्कॉलरशिपच्या बॅचीत आसा. तो हे सांगायचा तेव्हा गौरजा पाठीमागे उभी असायची आणि तिचे कान लाल व्हायचे.

तिची आई यशोदा देवभोळी. गाव निघायच्या सकाळी तिने एक काम केलं. बाईंचे थोरले दीर भाई घाडी यांच्याकडे आमच्या गावच्या गाऱ्हाण्याचा मान आहे. देवापुढे गावाच्या वतीने मागणं मांडायचं ते त्यांनी. यशोदेने त्यांना घरी बोलावलं, घरच्या देवांपुढे नारळ ठेवला, नारळाशेजारी लेकीची लाल वही ठेवली आणि परीक्षेसाठी गाऱ्हाणं घालून घेतलं. देवापुढे ठेवलेली वस्तू नारळ फोडेपर्यंत उचलत नाहीत. नारळ फोडायचा होता गाव परतल्यावर. तीन दिवस वही देवाच्या पायाशी राहील, याहून चांगलं ते काय, असा त्या माउलीचा हिशेब. तिने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. दुपारी ढोल वाजला, गाव निघाला, आणि गौरजेने दप्तर उघडलं ते थेट संध्याकाळी, सड्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजूखाली वर्ग भरला. बाई लोखंडी खुर्चीवर, समोर पत्र्याच्या पेटीचं टेबल, मुलं चटयांवर. मी जरा पलीकडे चहा घेऊन बसलो होतो. एकेक लाल वही पेटीवर येत होती. गौरजा हात हलवत आली आणि खाली बघून तिने सगळं सांगितलं, वही घरात देवापुढे आहे, आईने ठेवली, मी कालची गणितं या कागदांवर केली आहेत. बाईंनी कागद हातात घेतलेसुद्धा नाहीत. उद्या सकाळी पेटीवर वही नसेल तर यादीत नाव नसेल, असं त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात. पोरीने कागदांची घडी केली आणि ती जाऊन बसली.

मी हसलो. ते मला आजही विसरता येत नाही. मी हसून म्हटलं, "बाई, आता काय देवचाराकडून चिठ्ठी आणायची का तिने?" बाईसुद्धा गालातल्या गालात हसल्या. मुलं पांगल्यावर त्यांनी मला सांगितलं की यादीतून वगैरे कुणी काढत नाही, गाव परतला की घेऊ तिला, पण दोन दिवस तोंड सुकू दे, बाकीच्यांना कळेल वही म्हणजे काय ते. मला ते पटलं. पटलं नसतं तरी मी काही बोललो नसतो. पण ही गोष्ट बाईंना ठाऊक होती, मला ठाऊक होती. गौरजेला ठाऊक नव्हती.

दुपारची जेवणं झाली. सड्यावर फुगड्यांना जोर आला. मुंबईकरांनी पत्त्यांचा डाव मांडला. चारच्या सुमाराला बाईंनी शिरस्त्याप्रमाणे त्या दिवसाची वीस गणितं ग्रुपवर टाकली. रेंज मिळावी म्हणून मुलं मोबाइल वर धरून कातळाच्या उंचवट्यावर उभी राहिली. मी मोजली नाहीत, पण बघताना मला उगाचच कुणीतरी कमी आहे असं वाटलं.

पाच वाजले असतील. यशोदा पदराला हात पुसत आली. चेहऱ्यावर काळजी अशी नव्हती, नुसती चौकशी होती.

"बाईनु, आमचा चेडू तुमच्याकडे आसा काय? जेवान झाल्यापासना दिसूक नाय."

बाईंच्या हातात लाल पेन होतं. ते त्यांनी टोपण लावून पेटीवर ठेवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना जे कळलं होतं तेच त्याच क्षणी मला कळलं होतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "गणितं सोडवायला बसवलंय पलीकडे. दिवेलागणीला पाठवते."

एकवीस वर्षांत बाई खोटं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. यशोदा समाधानाने गेली. ती वळली तशा बाई उठल्या आणि वेशीच्या दिशेने चालू लागल्या. मी मागोमाग. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "मी जा म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, नाही, तुम्ही म्हटलं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर त्या तेच पुन्हा म्हणाल्या.

आमच्या वेशीवर किंजळाचं जुनं झाड आहे आणि त्याखाली देवचाराचं थळ. थळ म्हणजे शेंदूर न लावलेला एक काळा पाषाण, बाकी काही नाही. तिथून गावात उतरणारी वाट दिसते, माडांचे शेंडे दिसतात, देवळाचा कळस दिसतो. हे मी हजार वेळा पाहिलं आहे, चित्रातही काढलं आहे. पण त्या दिवशी त्या गावातून एकही आवाज येत नव्हता. कुत्रं नाही, कोंबडा नाही, पंप नाही, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज नाही. कुठल्याही घरावर धूर नव्हता. लांबून समुद्र तेवढा ऐकू येत होता आणि तोही नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखा वाटत होता. वाटेच्या मऊ धुळीत लहान पावलं उमटली होती. सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नव्हतं.

मी पाषाणापाशी थांबलो. मी शिकलेला माणूस आहे, देवचार मी कधी पाहिलेला नाही, आणि कुणी विचारलं तर असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी सांगतो. तरी माझे पाय पुढे गेले नाहीत. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पायातल्या चपला काढून किंजळाखाली ठेवल्या, पाषाणाला हात जोडले आणि त्या लहान पावलांच्या मागोमाग खाली उतरल्या. वळणापाशी त्यांची निळी साडी दिसेनाशी झाली.

मी तिथे पाऊण तास उभा होतो. एवढ्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी सांगत नाही. विहिरी आल्या. मागच्या परसातली फुरशी आली. पाय घसरून पडलेल्या पोरीची हाक ऐकायला सबंध गावात कुणी नाही, हे आलं. एकदा वाटलं, धावत जाऊन सड्यावर सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर त्या पोरीचं आणि तिच्या आईचं गावात काय होईल. असं दोन्ही बाजूंनी वाटत मी काहीच केलं नाही. सूर्य समुद्राला टेकला.

मग वळणावर दोघी दिसल्या. पुढे बाई, मागे गौरजा, आणि गौरजेच्या छातीशी लाल वही. धडधाकट होती पोरगी. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

ती चार तास घरात होती. मागच्या दाराची कडी काढून आत गेली, देवापुढून वही उचलली आणि पडवीत बसून गणितं सोडवत राहिली. सड्यावर वही घेऊन गेलं तर आईबापाला कळेल, म्हणून तिथेच सगळं पुरं करून वही दप्तरात लपवायची असं तिने ठरवलं होतं. सुट्या कागदांवरची वीस गणितं तिने वहीत उतरवली. मग पुस्तकातली पुढची घेतली, आजची, मग उद्याची, मग परवाची, कारण आपण पुन्हा इथे येऊ शकणार नाही हे तिला कळत होतं. बाई पडवीच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या तेव्हाही तिचं डोकं वहीतच होतं. "एवढं एक झालं की उठते, बाई," असं ती म्हणाली म्हणे.

वेशीपाशी आल्यावर मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, "एकटाच बसललंस गो थंय? भियालंस नाय?"

तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भियालंय," ती म्हणाली. "पण बाईंका ज्यास्त भियातंय."

तिने ते तक्रारीने म्हटलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं, बस्स. बाई वाकून चपला घालत होत्या. त्या बराच वेळ तशाच वाकलेल्या राहिल्या. दोन पट्ट्यांच्या साध्या चपला, त्यात घालायला एवढा वेळ लागण्यासारखं काही नव्हतं. आम्ही चालायला लागलो तेव्हा पोरीने हळूच विचारलं, सहीची जागा रिकामी आहे, पालकाची सही नसली तर चालेल का?

तिसऱ्या दिवशी सराव परीक्षा झाली. रद्द केली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. पेटीवर तेहतीस वह्या होत्या. बाईंनी त्या दिवशी एकही उघडली नाही. गौरजा पहिली आली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव वेशीवर जमला. गाठोडी बांधलेली, गुरं दाव्याला, पोरं कडेवर. भाईंनी पाषाण धुतला आणि त्यावर ओले तांदूळ चिकटवून कौल लावला. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. सगळे टक लावून बघत होते. डावीकडचा पडला. भाईंनी पुन्हा लावला. पुन्हा डावीकडचा. मागे एका गाईच्या गळ्यातली घंटा वाजली.

दाणा ओला असतो, वारा असतो, उन्हाने एक बाजू आधी सुकते. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी गर्दीत दोन पावलं मागे सरलो.

भाई उठून उभे राहिले. वय झालेला माणूस, आवाज मात्र खणखणीत. ते म्हणाले, "कोण आत गेल्लो आसात तर आताच सांगा. देवाक फसवून गावात पाय ठेवचो नाय."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. यशोदेने लेकीला जवळ ओढलं, भीतीने, तिला काहीच माहीत नव्हतं. गौरजेचे ओठ पांढरे पडले होते. भाईंनी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, आणि मला स्पष्ट दिसलं की पोरगी आता बोलणार. वर्गात प्रश्न विचारल्यावर हात वर करायची सवय होती तिला. तिचा हात अर्धा वर आला होता.

"मी गेललंय, भाई," बाई म्हणाल्या. "परवा सांजेक."

शाळेत आम्ही त्यांना नेहमी पुस्तकी मराठीतच ऐकलेलं. त्यांच्या तोंडून मालवणी ऐकून मुलांनी माना वर केल्या.

"कित्याक?" भाईंनी विचारलं.

"वही रवलेली."

एवढंच. त्या गेल्या होत्या, वही मागे राहिली होती, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी सगळं झाकलं गेलं. मग जो गलका उठला तो विचारू नका. सगळ्यांत मोठा आवाज अजयचा. मास्तरीण असून तुमका कळूक नाय काय, आमच्या पोराबाळांवर कायतरी इला तर कोण जबाबदार, असं तो हात नाचवून बोलत होता, आणि त्याची लेक त्याच्या शेजारी उभी राहून ते ऐकत होती. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी गर्दीत होतो. बाई एकट्या नव्हत्या, मीही वेशीपर्यंत होतो, असं सांगता आलं असतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

भाईंनी दोन्ही हातांनी सगळ्यांना गप्प केलं. भावजयीला पुढे बोलावून पाषाणासमोर गुडघ्यांवर बसवलं, तिच्या हातात नारळ दिला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या सांगण्यावरना आमी गुरा-ढोरा, पोरा-बाळा घेवन वेशीभायर इलंव..."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"...तीन दिस तुझो गाव तुका मोकळो केलो. त्यात कळत-नकळत पावल आत पडला, ता लेकराचा पावल म्हणान पदरात घे..."

"होय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात देवापुढे सगळीच लेकरं असतात, भाई दर वेळी तसंच म्हणतात. पण बाईंच्या हातातून नारळ सुटला आणि घरंगळत पाषाणाला जाऊन टेकला. मी गौरजेकडे पाहिलं. तीही सगळ्यांबरोबर म्हणत होती, होय म्हाराजा. तिसरा कौल उजवा पडला. गाव घरी गेला.

पुढे काही वाईट झालं नाही, हे सांगायला हवं. कुणी आजारी पडलं नाही, गुरं मेली नाहीत. यशोदेने नारळ फोडला तेव्हा वही देवापुढेच होती, गौरजेने गाव परतताना आधी धावत जाऊन ठेवून दिली होती. लोक महिनाभर बाईंबद्दल कुजबुजले आणि मग थांबले. मी मात्र कसली तरी वाट बघत राहिलो. आता येईल, उद्या येईल, असं मला रोज वाटे.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, आजपासून गृहपाठ नाही. मुलांना त्यांनी समजावून सांगितलं, जे करायचं ते वर्गात करू, घरी खेळा, झोपा, वही आणू नका. तेहतीस मुलं गप्प बसून ऐकत होती. एकानेही आनंदाने टेबल वाजवलं नाही. मी दारातून बघत होतो आणि मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या टेबलावर तेहतीस लाल वह्या होत्या. तारीख, वीस गणितं, पालकाची सही. बाईंनी वह्या परत केल्या, पुन्हा सांगितलं. बुधवारी पुन्हा तेहतीस. ग्रुपवर कुणीतरी आपणहून वीस गणितं टाकायला सुरुवात केली होती. पालक हेडमास्तरांना भेटून गेले, बाईंना त्या गावपळणीत काहीतरी लागलं असं म्हणून गेले. बाईंनी मग वह्या नुसत्या टेबलावर पडू दिल्या. तरी त्या येतच राहिल्या, सगळ्यांत वर गौरजेची. माझ्या तासाला मी मुलांना गावपळणीचं चित्र काढायला सांगितलं. गौरजेने कागदावर समास आखला, वर तारीख टाकली आणि काय काढायचं असतं असं मला विचारलं.

फेब्रुवारीत एका रविवारी परीक्षा झाली. मुलं गोल रंगवून बाहेर आली. गौरजेला सगळं आलं होतं.

सोमवारी सकाळी मी बाईंसोबत वर्गात हजेरीचा कागद शोधत होतो. घंटेला वेळ होता. गौरजा आली, टेबलापाशी थांबली आणि तिने लाल वही ठेवली. कालची तारीख, वीस गणितं, यशोदेची सही. म्हणजे परीक्षा देऊन घरी गेल्यावर बसून सोडवलेली.

बाईंनी वहीवर हात ठेवला. ती उघडली नाही.

"परीक्षा झाली गो बाय," त्या मालवणीत म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्या कुणाशी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. "आता कित्याक आणलंस? मी बघूचंय नाय."

"माहीत आसा," गौरजा म्हणाली. "थळार नारळ ठेवतत तो तरी देवचार खंय बघता, बाईनु? पण ठेवचो लागता ना."

ती जाऊन आपल्या जागेवर बसली आणि तिने दप्तरातून पट्टी काढली. बाहेर व्हरांड्यात बाकीच्यांची पावलं वाजायला लागली होती. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी टेबलाचा खण उघडून लाल पेन काढलं, वही जवळ ओढली आणि पहिल्या गणितापासून तपासायला घेतली.